वहिदाभाभींचा अंगठा

आमच्या नांदेडच्या नाटक मंडळीत मी राजा व्हायचो आणि महेबूबभाई माझा राजवाडा रंगवायचे. मंडळी मोडली, राजवाडे उंदरांनी खाल्ले. परवा भाईंचा फोन आला, "राजे, जरा येता का? माथा कलून राहिलाय."

गेलो. खोलीभर पांढरं कापड पसरलेलं आणि मधोमध भाई एकटे, गुडघ्यांवर. अर्धापूरच्या एका शाळेनं संमेलनासाठी राजवाड्याचा पडदा सांगितला होता. शाळेच्या ज्ञानेश्वरी मॅडम संध्याकाळी आखणी बघायला येणार होत्या. ती जमली नाही तर शाळा छापील फ्लेक्स लावणार, आणि भाईंना आता दुसरीकडून कोण बोलावतंय?

राजवाड्याच्या माथ्याला बसका, रुंद त्रिकोण हवा होता. दोन्ही उतार सारखे, वरचा कोन काटकोनाहून मोठा. भाईंचा कंपास म्हणजे लांब सुती दोरा. पायाच्या रेषेपासून थोड्याच उंचीवर माथ्याचा बिंदू घ्यायचा, म्हणजे कोन पसरतो. तिथं दोऱ्याचं एक टोक दाबायचं, दुसऱ्याला कोळसा बांधायचा. तेवढ्याच दोऱ्यानं रेषेवर डावीकडे एक खूण, उजवीकडे एक. दोन्ही माथ्याला जोडल्या की झालं.

पण टोकावर ठेवलेली वीट दोरा ताणला की सरकायची आणि एक उतार लांब व्हायचा.

"खिळा मारा की," मी म्हणालो.

"पडद्याला खिळा? तोबा! मागून दिवा लागला की राजाच्या डोक्यावर भोक चमकतंय. लोक लई हासतेत."

"मग आजवर कसं केलंत?"

भाईंनी वीट बाजूला सारली. "वहिदा अंगठा ठेवायची."

भाभींना जाऊन वर्ष होत आलं होतं. मी धोतर सावरून खाली बसलो आणि अंगठा बिंदूवर रोवला.

"हलू नका राजे. जिंदगीभर स्टेजवर नाचलात, आता जरा दगड व्हा."

"दगडाची भूमिका मला कुणी दिलीच नाही, भाई!"

ते हसले. दोरा ताणला गेला. डावी खूण पडली, उजवी पडली. माथा सरळ उभा राहिला.

संध्याकाळी मॅडम आल्या, लांबून बघितलं, जवळून बघितलं आणि म्हणाल्या, "छान. रंगवा आता, काका."

त्या गेल्यावर भाई दोरा गुंडाळू लागले. "रंगाला मी एकटा बस आहे. तुम्हाला उगी तरास."

मी अंगठा पुन्हा कापडावर रोवला. "आणि खिडक्यांवर त्रिकोण नकोत?"

"शाळेनं न्हाई सांगितले."

"राजानं सांगितले. दर खिडकीवर एक. घाई करायची नाही, रोज एकच आखायचा."

भाईंनी मान खाली घातली. मग गुंडाळलेला दोरा हळूहळू पुन्हा सोडू लागले.