माजी उपसरपंचांचं पूर्ण नाव

नाव: कु. कल्याणी पोपट डुंबरे, राहणार बोरी बुद्रुक. हुद्दा: प्रमुख प्रणाली सुरक्षा अभियंता. कार्यस्थळ: शीतगृहाची यंत्रं बनवणारी कंपनी, नारायणगाव. वर्तणूक: समाधानकारक.

यंत्रात मालकाच्या नावाला अठ्ठेचाळीस बाइट जागा होती, आणि तिला चिकटूनच, किती गार करायचं त्या तापमानाची. सी भाषेतलं strcpy जागा किती आहे ते विचारत नाही, मजकूर संपेपर्यंत ओतत राहतं. म्हणून कल्याणी आधी मोजायची आणि जास्तीचं कापायची. त्यात लोणीच्या भिमाजीराव वाळुंजांच्या नावामागचं ‘माजी उपसरपंच’ गेलं. ते गाडी काढून आले.

“पाच वर्षं खुर्चीवर काय फुकट बसलो व्हतो, राव?”

साहेब कल्याणीवर उखडले. “पावण्यांचं पद कापतेस? ती मोजणी काढून टाक.”

“सर, नाव तापमानावर सांडेल.”

“लई शिकलीस! काढ, नायतर घरी बस.”

तिनं काढली. पद शेजारच्या जागेत सांडलं, यंत्रानं ते उणे बत्तीस अंश असं वाचलं आणि गारवा थांबेना. दोन दिवसांत वाळुंजांची द्राक्षं दगडासारखी गोठली.

अहवालात कारण आलं: ‘अभियंत्याने जागा न मोजता नक्कल केली.’ खाली सही साहेबांची.

कल्याणी आता बाजारात टोमॅटोच्या क्रेटवर स्टिकर लावते.