पायातलं जातं

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते कोकमासाठी रातांबे फोडण्याचं, तेही चालत चालत. टोपली माझ्या हातात. ती बाजूने चालत फळ फोडायची, साल टोपलीत टाकायची आणि बी माझ्या गळ्यात अडकवलेल्या डब्यात. शेजारची काकी दगडी गडग्यावरून म्हणाली, "काय वो, देवाला प्रदक्षिणा मानलीव काय?"

"ह्यांना राखतंय," आमची म्हणाली. "बसले की घोरतात."

काकी हसली. पण हिच्या अंगात येतंय असं वाडीभर सांगितलेलं ते ह्याच बाईनं, म्हणून मी तिच्या हसण्याकडेही नीट बघून घेतलं.

वाडीत पहिला टीव्ही आला त्या साली तिचं दुखणं सुरू झालं. टीव्हीतली माणसं आपल्यालाच बोलतात म्हणायची, जेवायची नाही. रत्नागिरीत एका डॉक्टरकडे नेलं. दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन. बोलणी थांबली, जेवायला लागली, हे मी नाकारत नाही. पण महिन्याभरात तिला बसवेना. ताट हातात घेऊन उभ्यानं जेवायची. उभी राहिली तरी एक पाय उचल, दुसरा ठेव.

डॉक्टरनं विचारलंन्, काय होतंय? ती तोंड उघडतेय तोवर मीच बोललो, "साहेब, हिचा जीव थाऱ्यावर नाय." आमच्याकडे माणूस नुसता चुळबुळला तरी असं म्हणतात. डॉक्टर घाटावरचा. त्याला वाटलं, डोकं परत फिरलं. इंजेक्शन वाढवलंन्. मग तर ती दिवसभर चालायला लागली, पायाच्या भेगांतून रक्त येईपर्यंत. मला वाटायचं, बाई आजारी राहिली तरच ह्यांचं दुकान चालतं.

पुढच्या खेपेला सुई भरता भरता सिस्टरनं मला नाही, तिला विचारलं, "मावशी, चालल्यावर बरं वाटतं?"

"वाटतं. बसलं की दोन्ही पायांत जातं फिरतंय."

सिस्टर सुई ठेवून आत डॉक्टरला सांगायला गेली. इंजेक्शन कमी झालं, वर एक बारीक पांढरी गोळी आली. सिस्टर मला म्हणाली, "हे वेड नाही, काका. औषधाचं आहे. बस बस म्हणून ओरडू नका, तिच्याबरोबर चाला."

औषधानं झालं त्यावर परत औषध? घरी येऊन अर्धी गोळी आधी मीच गिळली. तोंडाला कोरड पडली. म्हटलं, विष देतायत. चार दिवस गोळ्या कोनाड्यात दडवल्या. पाचव्या दिवशी ती समोर येऊन उभी राहिली. "आधी ती गोळी द्या. संशय मागाहून घ्या."

आठवड्यात पाटावर बसून अख्खा चहा प्यायली. सगळं गेलं नाही. जेवढं राहिलं तेवढं आम्ही दोघं चाललो.

रातांबे फोडले त्याच्या चौथ्या दिवशी तिला ताप भरला. लांज्याचा डॉक्टर म्हणाला, छाती भरलीय. दोन दिवसांत, दुपारी, गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतकात मी पहिल्या एसटीनं रत्नागिरीला गेलो. काकी आडवी आली, तिला बाजूला केलं. डॉक्टरला विचारलं, "तुमच्या औषधानं गेली काय?"

"नाही. न्यूमोनियानं गेली."

माझा विश्वास बसला नाही. अजून पुरता बसत नाही. म्हटलं, "तिचा कागद काढा. पायांचं सुरू झालं तेव्हा काय लिहिलंत ते वाचा."

इंग्रजी होतं. त्यानं मराठीत सांगितलंन्, "नवरा म्हणतो, मन अस्थिर आहे."

"ते नवऱ्याचं झालं. तिचं लिहा. बसलं की पायांत जातं फिरतंय, असं ती म्हणत होती. मराठीत लिहा."

त्यानं त्याच कागदावर खाली लिहिलंन्. वाचून दाखवायला लागला तर मी कागद ओढून घेतला. मी चौथी शिकलेला. बोट ठेवून एकेक अक्षर लावलं, आणि बरोबर आहे बघितल्यावर परत दिला.