ताटाबरोबर गेलेला पासपोर्ट

समस्त वाचकवर्गास, त्यांच्या घरच्या लहानथोरांस आणि विशेषतः ज्यांचं कुणी परदेशी नोकरीला आहे अशा सर्वांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या पंचक्रोशीतून विमानात बसून परदेशी नोकरीला गेलेला पहिला इसम मीच. आणि विमानतळाच्या बाकापलीकडे तो परदेश न बघता परत आलेला पहिला इसमही मीच. पहिल्या मानात नंतर पुष्कळ वाटेकरी झाले. दुसरा मान अजून एकट्याचा आहे. तरी कृपया सर्वांनी उभे राहावे.

बसलात तरी चालेल. गोष्ट जरा लांबते.

सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आखातात तेलाचा पैसा उसळला होता आणि मुंबईचे एजंट गावोगाव टर्नर, फिटर, वेल्डर हुडकत होते. मी कराडला टर्नरचं काम शिकलेला, कुंडलच्या शेजारच्या खेड्यातला, सव्वीस वर्षांचा, घरचा एकुलता एक. मला दोन वर्षांचा करार मिळाला.

आमच्याकडे पोरं घर सोडून जातात त्याचं कुणाला अप्रूप नाही. घरटी एक फौजेत असतो. निघताना आई डोळे पुसते, बाप एसटीपर्यंत येतो, संपला कार्यक्रम. पण मी विमानानं जाणार होतो. त्यामुळे तालमीपुढं मांडव पडला, हलगी लागली, सरपंचांनी मला फेटा बांधला आणि तो माझ्या डोळ्यांवर उतरल्यावर पुन्हा बांधला. मग माझे वडील बोलायला उठले. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गावात भांडण तुटेना तर त्यांच्याकडे यायचं आणि ते जे म्हणतील ते दोन्ही बाजूंनी ऐकायचं, असा दरारा. भाषण त्यांनी जन्मात केलं नव्हतं. ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगं दोन वर्षं दिसणार न्हाई. दोन वर्षांनी ह्याच जागेवर तुमच्याफुडं आणून हुबं करतो. माझा शब्द हाय."

कडाडून टाळ्या पडल्या. माझा घात पासपोर्टानं केला असं लोक म्हणतात. मी म्हणतो, त्या टाळ्यांनी केला.

एसटीत बसताना त्यांनी खिडकीतून शेवटचा हुकूम दिला. "कागद हातातनं सोडायचं न्हाईत. ब्यागंत न्हाई, खिशात न्हाई. हातात."

म्हणून पासपोर्ट आणि नोकरीचा परवाना असा एक जाड पिवळट लखोटा मी गावापासून मुंबईपर्यंत आणि मुंबईपासून विमानापर्यंत हातात धरून नेला. घाम येऊन त्याचा कागद मऊ पडला होता. शेजारी केरळचा एक सुतार होता, त्याचे कागद बॅगेत, बॅग डोक्यावरच्या कप्प्यात, आणि स्वारी झोपलेली. मला त्याची कीव आली. काय बेफिकीर माणूस!

मग जेवण आलं.

आता नीट ऐका, कारण जे घडलं ते आमच्या घरात वाढलेल्या माणसाच्याच हातून घडू शकतं. ताटात मटण होतं. आणि वार शनिवार. शनिवारी आमच्यात मारुतीचा वार, वशाट चालत नाही. मी पाव खाल्ला, गोड खाल्लं, भाताची कड खाल्ली. मटण तसंच राहिलं. आणि पानात टाकणं हा आमच्या घरातला सगळ्यांत मोठा गुन्हा. लहानपणी कारल्याची एक फोड राहिली म्हणून वडिलांनी मला सांज होईपर्यंत पानावर बसवून ठेवलेलं होतं. त्यात समोरून येणारी हवाई सुंदरी दिसायला कितीही नाजूक असली, तरी ताटं गोळा करताना प्रत्येकाच्या ताटात बघत होती. मला वाटलं, आता ही विचारणार, का टाकलं म्हणून. सगळ्या विमानापुढं.

मी ताट झाकलं. हाताशी होता तो लखोटा. ताटातल्या मटणाच्या खणावर बरोब्बर बसला. लखोटा दिसू नये म्हणून वर कागदी रुमाल पसरला. रुमाल उडू नये म्हणून त्यावर गोडाची रिकामी वाटी ठेवली. ताट कसं देखणं दिसायला लागलं! बाई आली, इंग्रजीत काहीतरी गोड बोलली. तिला वाकायला लागू नये म्हणून मी स्वतः दोन्ही हातांनी ताट उचलून अदबीनं तिच्या स्वाधीन केलं. ती हसली. मीही हसलो. गुन्हा पचला या आनंदात मला डुलकी लागली.

विमान मध्ये एका गावी उतरलं. काही माणसं उतरली, काही चढली, मागच्या दारानं खरकटी भांडी उतरवली आणि नवी भरली. ते मी खिडकीतून कौतुकानं बघितलं. पुन्हा उडालो, आणि थोड्या वेळानं कसलेसे फॉर्म वाटले गेले. त्यात पासपोर्टचा नंबर लिहायचा होता. केरळच्या सुतारानं उठून बॅग काढली, नंबर लिहिला आणि पुन्हा झोपला.

मी माझ्या हाताकडे बघितलं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सांगताना मजा येते ती इथवरच. बाई आली, बुवा आला, सीटखाली बघितलं, सुताराला उठवून त्याच्याखाली बघितलं. कळवतो म्हणाले, विचारतो म्हणाले. कुणी कुणाला कळवलं असेल असं मला वाटत नाही. माझा पासपोर्ट त्या मधल्या गावाच्या उकिरड्यावर मटणासकट गेला. उतरलो तिथल्या अंमलदारानं माझ्याकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. एका बाकावर बसवलं. समोर काचेची भिंत. तिच्यापलीकडे माझ्या नावाची पाटी धरून कंपनीचा माणूस उभा होता. मी हात हलवला. त्यानं बराच वेळ वाट पाहिली, पाटी घडी करून खिशात घातली आणि निघून गेला. मला परतीच्या विमानात बसवलं. पुन्हा ताट आलं, पुन्हा मटण. शनिवार उलटून गेला होता. मी हाडंसुद्धा चोखून ठेवली.

मुंबईला चौकशी झाली, जबाब झाला, एजंटानं ओळख दाखवली नाही. सांगलीला मामा राहायचे, एका खोलीत, एकटेच. गावात जाण्याआधी तोंड धुवावं म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. मामा जाऊन वडिलांना घेऊन आले. वडील बसले नाहीत. उभ्यानं सगळं ऐकलं. मी मटणापर्यंत आल्यावर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"करार किती दिसाचा हुता?"

"दोन वर्षांचा."

"मग दोन वर्षांनीच गावात यायचं."

"आबा, पण..."

"मी शब्द दिलाय."

आणि गेले. मी ताट झाकलं होतं, वडिलांनी मला झाकलं.

मामा म्हणाले, "गड्या, काळजी करू नगं. चार दिसांत राग उतरंल." राग असता तर उतरला असता. तो राग नव्हताच.

मी सांगलीत एका इंजिन दुरुस्तीच्या कारखान्यात लेथवर लागलो. गाव तिथून एसटीनं तासाभराचं. आणि आमच्या गावाची सगळी कामं सांगलीतच. हळद विकायची सांगलीत, कोर्ट सांगलीत, दात काढायचा सांगलीत. दर दिवशी कुणीतरी ओळखीचं रस्त्यात असायचंच. मी दाढी वाढवली, काळा चष्मा घेतला. एकदा कृष्णेच्या घाटावर आमच्या तालमीतला एक पैलवान माझ्याकडे टक लावून बघायला लागला, तेव्हा मी जोरात म्हणालो, "क्या देखता है, भाईसाब?" तो म्हणाला, "काय न्हाई, सरदारजी." मी घरी येऊन मामांना हे करून दाखवलं. मामा पोट धरून हसले. मीही हसलो.

गावाच्या लेखी मी परदेशी मजेत होतो. मामा बातम्या आणायचे. वडील पारावर माझं वर्णन करायचे म्हणे. त्यांना आखात काही माहीत नव्हतं. पण नोकरीत ते राजस्थानात सरहद्दीवर राहिले होते. त्यामुळे माझ्या परदेशात वाळू होती, उंट होते, बायका डोक्यावर तीन-तीन घागरी घेऊन चालत होत्या आणि मोर होते. "मोर?" मी मामांना विचारलं. मामा म्हणाले, "लय. पहाटं तुझी झोप मोडत्यात."

आईलाही त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. बायकांच्या पोटात राहत नाही म्हणून. ती बिचारी तिळाची चटणी, खारोड्या, डिंकाचे लाडू करून मामांच्या हाती द्यायची, सांगलीहून विमानानं पाठवायला. मामा ते एसटीनं आणून माझ्यापुढं ठेवायचे. पुढच्या खेपेला ती विचारायची, "दादा, लाडू पोचस्तवर मोडलं न्हाईत न्हवं?" मामा सांगायचे, "बाय, आख्खं पोचलं." लाडू खरोखरच आख्खे असायचे. सकाळचे असायचे. मी ते परदेशी बसून खायचो.

वर्ष उलटलं. आणि एक दिवस मालकानं मला सरकारी दवाखान्यात पाठवलं, तिथल्या विहिरीवरचा पंप बंद पडला होता. पंप उघडून बसलो असताना पलीकडच्या कोरड्या नळापाशी एक माणूस जेवणाचा डबा घेऊन उभा दिसला. पाठ ताठ. पाठीवरूनच ओळखलं.

"आबा?"

ते वळले. चेहरा हलला नाही. "हितं काय करतोस?"

"पंप. तुमी?"

त्यांनी डब्याकडे बघितलं. "तुजी आय हाय आत. पोटात गाठ हाय. परवा कापणार हायत."

मी पाना टाकून उठलो. त्यांनी माझ्या छातीला हात लावून मला थांबवलं. जोर नव्हता, नुसता हात.

"गाव बसलंय तिच्या उशापायथ्याला. सरपंचाची बायको, भावकी, समदी."

"मला विचारत असंल ती."

"इचारती."

"मग?"

"तुला रजा मिळत न्हाई म्हणून सांगितलंय." मग जणू माझीच समजूत घालावी तसं म्हणाले, "फौजेत मलाबी मिळाली न्हवती. माझी आय गेली तवा."

मी पंप जोडला. पाणी चालू झालं. त्यांनी डबा धुतला आणि आत निघून गेले. माझ्या हातानं चढवलेलं पाणी त्या दिवशी माझी आई प्यायली असेल, आणि मी बाहेर.

परवाचा दिवस उजाडला. मामा म्हणाले, "जाऊ नगं. तुज्या बापाचं नाक जाईल." मी कामावर गेलो. लेथवर एक दांडा लावला आणि तो असा कापला की मालक ओरडत आला. मी मशीन बंद केलं, तसाच निघालो. दाढी तीच, हात कोपरापर्यंत तेलानं काळे. चष्मा तेवढा काढून खिशात घातला.

ती वाचली, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. पुढे पुष्कळ वर्षं जगली आणि शेवटपर्यंत डिंकाचे लाडू माझ्या हातात देताना म्हणायची, "हं, इमानातनं आलं." तिनं मला माफ केलं, कारण माझं काही चुकलेलं तिला दिसलंच नाही. गावानंही माफ केलं, म्हणजे आजतागायत मी बाजार करून सांगलीहून आलो की पारावरचा एक तरी म्हातारा विचारतोच, "कवा आलास परदेशातनं? मोर बरं हायत का?" वडिलांना मात्र कुणी काही विचारलं नाही. भांडणं घेऊन त्यांच्याकडे यायचं बंद झालं, एवढंच. ते पारावर गेले नाहीत पुन्हा. आणि त्यांनी मला कधी माफ केलं नाही. आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयाला आलोय. सगळे किस्से रंगवून सांगतो, पण अजूनही कधी कधी माझ्या मनात येतं, त्या माणसाला मी हवा होतो की नुसता माझा मांडव?

तर, बायकांचा वॉर्ड. व्हरांड्यात आमचं निम्मं गाव चवड्यावर बसलेलं. मी मधून चालत गेलो. पहिल्यांदा कुणी ओळखलं नाही. मग मागून सरपंचाची बायको म्हणाली, "आगं बया, ह्यो तर..." आणि अख्खा व्हरांडा उठून माझ्या मागं आला.

लोखंडी खाटेवर आई. हिरवा झगा घातलेली, केस बांधलेले, ऑपरेशनला न्यायच्या तयारीत. इतकी लहान दिसत होती. तिनं मान वळवली. बघितलं. हात उचलायला लागली.

पायथ्याशी स्टुलावर वडील होते. ते ताडकन उठले, परेडला उठावं तसे. अख्खं गाव दारात येऊन उभं होतं. मी काळे हात पुढं केलेले, आईचा हात अर्ध्यावर आलेला, आणि माझे वडील सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुला रजा कुणी दिली?"