वीज नसताना वर गेलेली लिफ्ट

आमच्या साडूंच्या घरात कुठल्याही वस्तूला नुसती वस्तू म्हणून सुखानं राहता येत नाही. कुकर असो, कूलर असो, नाहीतर न्हाणीघराच्या दाराची कडी असो, आज ना उद्या तिला साडूंच्या चौकशीला सामोरं जावंच लागतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे वैजापूरकडचे शेतकरी, शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन, आणि सगळी नोकरी तहसील कचेरीत कारकुनीची. म्हणजे यंत्रांशी संबंध म्हणावा तर कचेरीतल्या पंख्यापुरता. पण 'हे असं का होतं?' हा प्रश्न त्यांना तहान लागावी तसा लागतो, आणि तो लागला की ते हातातला घाससुद्धा खाली ठेवतात. निवृत्तीनंतर गारखेड्यातल्या त्यांच्या घरात या तहानेला धरबंद असा राहिलेलाच नाही.

त्यांच्याकडे चहाला जायचं तर घरून चहा पिऊन जावं. गेल्या थंडीत मी गेलो, तर त्यांनी माझ्यासमोर एक भरलेला कप आणि एक भरलेली बशी ठेवली आणि दोन्हींत एकेक थर्मामीटर बुडवला. मी कपाकडे हात नेला तसा त्यांनी माझं मनगटच धरलं. "थांबा, साडूबुवा! अजून चार मिनिटं!" चार मिनिटांनी त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू बशीत चहा नव्हे, चंद्रच सापडला. "बघा, बशीतला केवढा उतरला! पसरला ना तो! हवा लागायला जागाच जागा!" मग मोठ्या मनानं त्यांनी तो गारढोण चहा मला प्यायला दिला. आमच्या मेव्हणीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भावजी, पुढच्या वेळी आधी पिऊन टाकत जा, मग त्यांना कप दाखवत जा."

उन्हाळ्यात तर विचारूच नका. आमच्याकडे चैत्र लागला की घरोघरी कूलर बाहेर निघतात आणि दारंखिडक्या गच्च बंद होतात. साडू मात्र कूलर दिसला की आधी खिडकी उघडतात. स्वतःच्याच नव्हे, कुणाच्याही घरची. करमाडला एका नात्यातल्या मुलीचा साखरपुडा होता. गुरुजी पोथी उघडून बसलेले, कूलर घरघरतोय, तरी पाहुणे घामानं चिंब. साडू उठले आणि नवरीच्या मागची मोठी खिडकी त्यांनी सताड उघडली. पोथीची पानं निघाली ती थेट नवरदेवाच्या मांडीवर, अक्षता विहिणीच्या डोळ्यात! सगळे ओरडले तरी हे आपले हात वर करून उभे. "अहो, बंद खोलीत कूलर म्हंजे दमट हवा नुसती घुसळायची! जुन्या हवेला जायला वाट पाहिजे का नको?" पाच मिनिटांनी खोली खरंच गार झाली. ती कबुली मात्र कुणी दिली नाही.

बाहेरगावचे पाहुणे या शहरात लेणी बघायला येतात. साडू त्यांना आधी पाणचक्कीवर नेतात. माझ्या पुण्याच्या मावसभावाला त्यांनी तिथल्या भिंतीसमोर तासभर उभं केलं होतं. "डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी आलं, आणि इथं भिंत चढून वर गेलं. मोटार नाय, बटन नाय! मग चढवलं कुणी?" मावसभाऊ दमलेला होता. तो म्हणाला, "नगरपालिकेनं." त्यानंतर तो पुण्याला परत जाईपर्यंत साडू त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

या सगळ्याला घरात सगळ्यांत जास्त कुणी वैतागलं असेल, तर त्या आमच्या सासूबाई. पहिल्याच दिवाळसणाला या थोरल्या जावयानं त्यांचा नवाकोरा मिक्सर उघडून ताटात मांडला होता. तेव्हापासून "पोरगी चांगल्या घरात पडली, पण माणूस अर्धवट आहे," हे त्यांचं मत कायम झालं होतं. पुढे त्या आमच्याकडे राहायला आल्या, तरी साडू आले की आपलं घड्याळ उशीखाली ठेवायच्या.

दीड-दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या इमारतीत लिफ्टची दुरुस्ती निघाली होती. साडूंना कळायचा अवकाश; ते दोन दिवस डबा घेऊन गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत मेकॅनिकसोबत बसले. त्या बिचाऱ्यानं आधी उत्तरं दिली, मग टाळली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो त्यांना 'सर' म्हणू लागला.

महिनाभरानं एका सकाळी साडू आमच्या कूलरची चौकशी करायला आले होते. सासूबाईंनी इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं आणि देवाला फुलं आणते म्हणून त्या खाली गेल्या. आल्यावर खायचं, असा त्यांचा हट्ट. वर येताना वीज गेली, आणि लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली.

इंजेक्शन घेतलेलं, पोटात काही नाही, आणि वय ऐंशीच्या पुढचं. मी मेकॅनिकला फोन लावला, तर तो वाळूजला. "तास लागेल," म्हणाला. अग्निशमनवाल्यांना कळवलं, ते निघाले. तोवर जिन्यात सगळी इमारत गोळा झाली.

साडू तिसऱ्या मजल्याच्या दाराच्या फटीला तोंड लावून खाली बसले. सासूबाईंना ते मामी म्हणत. "मामी, ऐकू येतंय का? घाबरू नका. वीज नसली तरी लिफ्ट आम्ही वर आणतो."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "वीज नाय तर वर कशी येईल, जावईबापू?"

आणि साडू, देवाशपथ सांगतो, समजवायला लागले! "आता बघा मामी, विहिरीवर रहाट असतो की नाय? तसंच इथं. दोराच्या एका टोकाला तुमचा डबा, दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनं..." बायकोनं मला कोपर मारलं, "अहो, थांबवा यांना!" पण माझ्या लक्षात आलं, सासूबाई उत्तर देत होत्या. "व्हय." "बरं." "मग?" साडू त्यांना बोलतं ठेवत होते. तेवढ्यात एका "मग"ला फार वेळ लागला. पुढच्या वाक्याला "व्हय" आलंच नाही.

साडू ताडकन उठले. त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला आणि मेकॅनिकला सांगितलं, "मेन बंद करतो, म्हंजे मधेच वीज आली तरी धोका नाय, आणि ब्रेक थोडा थोडा सोडतो." आमचे सेक्रेटरी आडवे आले. "वेडे झालात का? ब्रेक सोडला की लिफ्ट खाली आदळेल!"

"खाली नाय, वर जाईल!" साडू जवळजवळ ओरडलेच. "आत एकच माणूस, तेही चाळीस किलोचं! पलीकडची वजनं रिकाम्या डब्यापेक्षा जड असतात!"

फोनमधून मेकॅनिकचा आवाज आला, "सर बरोबर बोलतायत. पण हळू, सर. एका वेळी वीतभरच."

साडू वर धावले. मी तिसऱ्या मजल्यावर फटीतून बघत उभा, बायको जिन्यात निरोप पोचवायला. वरून काहीतरी कुरकुरलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो डबा विजेविना वीतभर वर सरकला. मग आणखी वीतभर. त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला, आणि मला पहिल्यांदा कळलं की या माणसाला रोज, कपबशीत आणि कूलरमध्ये, नेमकं हेच वाटत असणार. डब्याची फरशी मजल्याला लागली तसा मी ओरडलो, "थांबा!" वॉचमननं किल्लीनं दार उघडलं.

सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. ओच्यात जास्वंदीची फुलं, कपाळावर घामाचे थेंब, मान कललेली. बायकोनं साखरेचं पाणी चमच्यानं पाजलं. पाच-सात मिनिटं गेली. मग त्यांनी डोळे उघडले, आणि जिन्यातून उतरणारे साडू तिथेच पायरीवर बसले. हातांना काळं ग्रीस लागलेलं. त्याच हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. मला वाटलं, आभार मानतील. त्या म्हणाल्या, "जावईबापू, त्या दिवशी अर्धं सांगायचं राहिलं. दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनं. मग?"

आयुष्यात त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. सगळे त्यांना आवरायलाच टपलेले. मग त्यांनी टॉवेलच्या दांडीवरून दोरी टाकली, एका बाजूला बादली, एका बाजूला तांब्या, आणि तासभर त्या दोघांचं चाललं होतं. त्या दिवसापासून रोज दुपारी सासूबाईंचा त्यांना फोन. दूध उतू जातं, मग पाणी का नाही? बर्फ पाण्यावर का तरंगतो? उत्तर फोनवर मावणारं नसलं, की साडू पातेलं पिशवीत घालून स्कूटरवर हजर.

सासूबाई गेल्या त्याला आता काही महिने झाले. झोपेतच गेल्या. दहाव्याला सगळे त्यांच्या स्वभावाबद्दल बोलत होते, साडू एकटेच बाहेर स्कूटरपाशी उभे होते. हल्ली मात्र ते कुणाकडे गेले तर खिडकी बंद असली तरी बसून राहतात. मी मधूनमधून फोन करून काहीबाही विचारतो, पण माझे प्रश्न त्यांना बरं वाटावं म्हणून असतात, आणि ते त्यांना पहिल्याच वाक्यात कळतं. दोन शब्दांत उत्तर देतात.

परवा मी पंखे पुसत होतो. खरंच कुतूहल वाटलं, म्हणून फोन लावला. "साडूभाऊ, पंखा एवढा गरगर फिरतो, मग पात्यांवर धूळ बसतेच कशी?"

ते म्हणाले, "मामींनी इचारलं होतं हे. शेवटचं."

आणि त्यांनी मला पहिल्यापासून सगळं सांगितलं. मोठ्यानं, एकेक शब्द सावकाश, म्हाताऱ्या माणसाला फोनवर सांगावं तसं.