टोपली निवडणारा शालिकदादा

शालिकदादा मेलेल्या मासोळीशीही बोलायचा. रात्री तलावात लावलेलं जाळं सकाळी ओढून काढलं की तो टोपलीपाशी बसायचा आणि अंगठ्यानं एकेक कल्ला उघडून बघायचा. लाल असला तर टोपलीत. काळपट असला तर, "तू जाय बापा, बाकीच्याईले नासवशीन," म्हणून बगळ्यांकडे. हे काम त्यानं कुणाला करू दिलं नाही. मी सख्खा धाकटा भाऊ, तरी मलाही नाही.

बाबांचे हात म्हातारपणाआधीच खांद्यातून गेले होते. पुढं माझाही उजवा हात डोक्यापर्यंत जाईना, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांचं रक्त तपासलं. शरीराच्या पेशींत बिघडलेली प्रथिनं साचत असतात, ती उपसून काढायचं काम व्हीसीपी नावाच्या जनुकाकडे असतं, आणि तुमच्या घराण्यात तेच सदोष आहे, असं त्यांनी समजावलं. दादानं मान हलवली. "म्हंजे टोपली निवडनाराच बिघडला म्हना."

दोष माझ्यात निघाला, त्याच्यात नाही. एकाच बापाची दोन पोरं, आणि चांगलं ते सगळं त्याच्याच वाट्याला! परतीच्या बसमध्ये त्यानं दोघांच्या पिशव्या एका हातानं वरच्या फळीवर टाकल्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमचं चामोर्शी येईपर्यंत मी तोंड फिरवून बसलो.

"काऊन रे, माह्यावर रागावून राह्यला?"

"तुले काई झालं नाई म्हनून."

"मले बी माहाच राग येऊन राह्यला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं टोपली माझ्यापुढं सरकवली. "आता तू निवड. याले खांदा लागत नाई." त्याचं सगळ्यात लाडकं काम त्यानं मला दिलं, आणि मी आणखीच जळलो. देणाराही तोच. डोंग्यात उभा राहून तो जाळं ओढायचा, ओल्या बनियनखाली पाठ हलायची, मी तिकडंच बघत बसायचो. एकदा त्या नादात सडकी मासोळी टोपलीत गेली. ती काढून फेकत तो एवढंच म्हणाला, "नजर माह्या पाठीवर नोको, कल्ल्यावर ठेव."

त्याला सगळं ठाऊक होतं.

गेल्या पावसाळ्यात हिवताप त्याच्या डोक्यात गेला. धडधाकट होता तो गेला, मी राहिलो. तिरडी उचलताना मी पुढं झालो, तर शेजारचे महादेवभाऊ हळूच म्हणाले, "राहू दे, तुह्यानं नाई होनार." मी मागून चालत राहिलो. पुढं चौघांच्या खांद्यावर माझा भाऊ चालला होता, आणि मला त्या चौघांचा हेवा वाटत होता.