विलासरावांची पिशवी

सांगलीतल्या माझ्या त्वचारोगाच्या दवाखान्यात बीपी बघून घ्यायला विलासरावांनी बाही वर केली आणि कोपराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी दिसली. मी दिलेल्या गोळीवर असताना लिव्हरची टेस्ट करत राहावी लागते. ती करून आलात का, म्हणून मी विचारलं.

"न्हाई म्याडम. परवा रगत दिलं. कॅम्प हुता."

बीपीचा पट्टा मी तसाच खाली ठेवला.

विलासराव शिराळ्याकडचे, ऊसवाले. जन्मापासून त्यांच्या कातडीत रंगच नाही. केस पांढरे, नजर अधू. कातडीतला रंग ही आपली उन्हातली छत्री. ती त्यांना मिळालीच नाही. सगळा जन्म शेतात गेला, त्यामुळे कपाळावर आणि हातांवर खरखरीत चट्टे उठलेले. असे चट्टे म्हणजे कॅन्सरच्या अलीकडची पायरी. कानावरच्या एकानं ती ओलांडली होती, तो कापून काढावा लागला. नवे उठू नयेत म्हणून मी रेटिनॉइड सुरू केलं. हे व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं औषध, बिघडायला लागलेल्या पेशींना वळणावर आणतं. त्याचं मलमही असतं, पण चट्टे फार होते, म्हणून पोटातून गोळी दिली. गुणही छान आला.

पण ही गोळी पोटातल्या बाळाला वाईट. बाळात व्यंग येऊ शकतं. म्हणून ती घेणाऱ्यानं रक्त द्यायचं नाही, बंद केल्यावरही तीन वर्षं नाही. आपली पिशवी कुठल्या गरोदर बाईला चढेल, कुणी सांगावं?

हे मी त्यांना बजावलं होतं. तरी का दिलंत, म्हणून मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"ही चामडीची गोळी, म्याडम. रगतात कुठनं जातीया, आसं वाटलं. म्हून तितं कुनाला बोललो न्हाई. आन् परकाशचा कॅम्प. मी न्हाई कसं म्हनू?"

प्रकाश त्यांचा धाकटा भाऊ, फौजेत होता, सीमेवर कामी आला. त्यांच्या भावकीत घरटी एक जण फौजेत. विलासरावांना मात्र भरतीच्या रांगेतसुद्धा कुणी उभं केलं नाही. प्रकाशच्या स्मृतिदिनाला गावच्या शाळेत कॅम्प भरतो आणि पहिली पिशवी थोरल्या भावाची, हे ठरलेलं. माझा राग तिथंच विरला. भीती तेवढी राहिली.

ब्लड बँकेला फोन लावला. तपासण्या होऊन पिशवी सकाळीच इश्यू झाली होती. कुठं? सांगलीतल्याच एका प्रसूतीच्या हॉस्पिटलात. पेशंटला पाचवा महिना, अंगात रक्त कमी. हॉस्पिटलचा फोन नुसता वाजत राहिला. बँकेवाल्यांना लावत राहायला सांगितलं, बाहेरचे पेशंट तसेच बसवले आणि गाडी काढली. विलासराव न विचारता शेजारी येऊन बसले.

एका पिशवीनं बाळाला इजा होतेच असं नाही. पण होणार नाही, असंही कोणी लिहून देणार नाही. वाटेत विलासराव एकच वाक्य बोलले.

"त्या लेकराला काय झालं तर, म्याडम?"

मी गाडीचा वेग वाढवला.

वॉर्डात शिरले आणि आधी स्टँडकडे बघितलं. नळी लाल आहे का, एवढंच बघायचं होतं. साधं सलाइन चाललेलं. सिस्टर म्हणाली, बाईंना थंडी वाजून ताप भरलाय, म्हणून डॉक्टरांनी रक्त उद्यावर ढकललं, पिशवी फ्रिजमध्येच आहे. मी कुणाला न विचारता शेजारच्या स्टुलावर बसले. कुणाच्या तापाचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

पिशवी बँकेत परत गेली आणि बाद झाली. त्याच रक्तातून वेगळा काढलेला प्लाझ्माही त्यांनी थांबवला.

परतताना विलासराव गोळी बंद करा म्हणून मागं लागले. मी सांगितलं, आज बंद केली तरी तीन वर्षं रक्त देता येणार नाही, आणि चट्टे मात्र परत उठतील.

"मग भावासाठी मी काय देऊ?"

"तुमच्या आईला एकच लेक उरलाय," मी म्हटलं. "तेवढा सांभाळा."

या वर्षी मी मुद्दाम कॅम्पला गेले. विलासराव फुल बाहीचा शर्ट घालून, टोपी डोळ्यांवर ओढून दारातच खुर्ची टाकून बसले होते. येणाऱ्या प्रत्येकाला अडवत होते. "कसली गोळी खातोस का रं? चामडीची आसली तर आदी सांग."

मीही शिकले. ही गोळी लिहिताना लिव्हरचा रिपोर्ट बघते आणि मग विचारते, तुमच्या गावात रक्तदानाचा कॅम्प कधी असतो?