चिकाचा केक

नणंदेला दोन मुलींवर मुलगा झाला होता. त्याच्या पहिल्या वाढदिवसाचा केक मी करायचा, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मग काय, मंगळवार पेठेतून कोको आणि केकचा डबा घेऊन मी कोडोलीला तिच्या सासरी गेले. माझ्या आईच्या पद्धतीचा, पातेल्यात वाळू तापवून भाजायचा साधा चॉकलेट केक. पण नेमका शनिवार, घरात अंडं चालणार नाही म्हणे.

नणंदेच्या सासूबाईंनी तांब्याभर चीक माझ्यापुढे आदळला. म्हैस रात्रीच व्याली होती.

"ह्यो घाल की. अंड्यागत घट्ट हुतोय."

चिकाची मला लहानपणापासून शिसारी. तो पिवळा, तार धरणारा चिकटा तोंड फिरवून पिठात ओतला. एवढा कोको घातला, तरी वास दबेना. मेला केक फुगला मात्र झकास. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ला. मलाही एक तुकडा बळंच भरवला, तो मी श्वास रोखून गिळला.

हात धुवायला परसात गेले. गोठ्याच्या कोपऱ्यात, म्हशीपासून लांब, रेडकू बांधलेलं. पोट पाठीला लागलेलं. ते माझी चॉकलेटची बोटंच चोखायला लागलं.

"ह्याला चीक पाजलाय का न्हाय?" मी ओरडले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. कडेवरच्या नातवाचं केकनं माखलेलं तोंड पदरानं पुसत म्हणाल्या, "रेडा हाय त्यो. नर पाजून काय उपेग?"